घसा बसला की पाय सुटले?

अहो,

जरा चुलीपाशी बसा. लोकांना इतकी आख्यानं सांगता, आज माझं एक ऐका.

एक कीर्तनकार होते. नदीपलीकडच्या महारोग्यांच्या वस्तीत त्यांनी कीर्तन असं रंगवलं की माझेही डोळे वाहिले. शेवटी रीतीप्रमाणे हार घालायला कल्लाप्पा पुढं आला. त्याचे झडलेल्या बोटांचे हात पाहून बुवा "मोटार चुकेल" म्हणत मागच्या मागं पळाले.

आज पुन्हा बोलावणं आहे, तर तुम्ही चर्चच्या पाळकसाहेबांना घसा बसल्याचं कळवलंत आणि फलटणला जायला ट्रंक भरलीत! सकाळी न्हाणीत खणखणीत पद म्हणत होतं ते कोण? प्रभूनं कुष्ठ्याला हात लावला हे गाताना गहिवरता, मग हात लावायची पाळी आली की पाय का सुटतात?

भीती मलाही वाटते. त्याच ट्रंकेत माझं लुगडं ठेवलं होतं. ते काढून नेसले आणि वस्तीकडं पुढं निघाले. टाळ मी नेलेत. तुम्ही आला नाहीत तर माझ्या घोगऱ्या आवाजात मीच उभी राहीन.

भाकरी टोपल्यात आहे. जेवणाआधी डोळे मिटाल तेव्हा कल्लाप्पाची आठवण करा. तुम्ही पळालात तेव्हा हातातला हार तसाच धरून तो मला विचारत होता, "बाई, बुवास्नी मोटार घावली न्हवं?"

सलोमी