जानेवारीचा खण

२८ नोव्हेंबर

आजपासून आमचा पेपर पुन्हा सभ्य झाला. छपाईचा परवाना दर वर्षी एकतीस डिसेंबरला संपतो, आणि पुढचा द्यायचा की नाही ते मंत्रालय ठरवतं. म्हणून आतापासून पहिल्या पानावर ऑर्किडची प्रदर्शनं आणि मंत्र्यांनी कापलेल्या फिती. धार असलेली प्रत्येक बातमी संपादकांच्या खालच्या खणात. त्या खणाला आम्ही ‘जानेवारी’ म्हणतो. वीस वर्षं नव्या पोरींना हे मीच हसत हसत शिकवत आले.

नवी बातमीदार योगेश्वरी आज हसली नाही. तिची बातमी अशी — रुस्लान नावाचा लॉरी ड्रायव्हर पोलीस कोठडीत मेला. ठाणं म्हणतं, दम्याने. समोरच्या कोठडीत वागिमिन होता, जावाहून आलेला गवंडी, कागदपत्रं नसलेला. त्याने मारताना पाहिलंय.

“नोराताई, पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला त्याला बोटीत घालून परत पाठवतायत. जानेवारीत मी काय समुद्राची मुलाखत घेऊ?”

२९ नोव्हेंबर

संपादकांशी, बहारोम साहेबांशी, भांडले.

“एकशेचाळीस घरं चालतात या परवान्यावर, नोरा.”

“आणि रुस्लान?”

“तो जानेवारीतही मेलेलाच असेल.” म्हणाले, आणि योगेश्वरीची बातमी नीट घडी घालून स्वतःच्या हाताने खणात ठेवली. माणूस वाईट नाही. म्हणूनच जास्त चीड येते.

३ डिसेंबर

रुस्लानची आई आली, सपियाह मावशी. केळीच्या पानात बांधलेला नासी लमाक, नारळाच्या दुधात शिजवलेला भात, आणला होता, सगळ्या टेबलांना पुरेल इतका. 

“दमा म्हणे! टाइल्सच्या पेट्या खांद्यावर घेऊन तीन जिने चढायचा गं तो. कधी छापता?”

“लवकरच, मावशी.”

माझ्याच तोंडून आलं ते.

५ डिसेंबर

मंत्रालयाचा खाकी लखोटा आला. पोचवहीत सही करून घेतला. उघडला नाही — आम्ही उघडतच नाही. निवडणुकीच्या वर्षी ‘कारणे दाखवा’ची नोटीस आली, तेव्हापासून तिथलं पत्र तसंच मालकांच्या वकिलांकडे जातं. उघडलं की उत्तराची मुदत सुरू होते, असं कुणीतरी सांगून ठेवलंय. वकील मेलबर्नला मुलीकडे गेलेत, नाताळनंतर येणार. ऑफिसातल्या त्यांच्या ट्रेमध्ये टाकला.

बहारोम साहेबांनी लांबूनच पाहिला. “बघ. कुणीतरी आधीच कान भरलेत. आता तर अजिबात नाही.”

 मलाही तेच वाटलं, हे इथे तरी लिहावं.

१२ डिसेंबर

मावशींचे वकील क्वेक कॉफीच्या दुकानात भेटले. चिडलेले. “बातमी छापून आली तर कात्रण घेऊन न्यायाधीशांपुढे उभा राहीन, बोट थांबवा म्हणेन. आज माझ्याकडे काय आहे? एका आईचं रडणं. तुमच्या पेपरला अकरा ओळी जड झाल्या का हो?”

अकरा ओळी त्यांना कशा कळल्या? योगेश्वरीने सांगितलं असणार. तिच्या चाळीस ओळींच्या मी अकरा केल्यात. ‘मारहाण’चं ‘बळाचा वापर’ केलं, ठाण्याचं नाव काढलं. तरी साहेब नाहीच म्हणाले. लाज साहेबांची वाटावी की माझ्या कात्रीची?

१८ डिसेंबर

साहेब राजधानीला गेलेत. आज पानं माझ्या हातात. दुपारी पाचव्या पानावर त्या अकरा ओळी लावल्या. योगेश्वरी मागे उभी. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

साडेपाचला काढल्या. तिथे दुरियन फळांच्या बाजारभावाची बातमी गेली. माझ्या खुर्चीवरून मालकांच्या वकिलांचा ट्रे दिसतो. त्यातला लखोटा दिसतो. त्यात काय लिहिलं असेल ते मी तेरा दिवस मनात वाचतेय — दर दिवशी नवा मजकूर, दर दिवशी आधीपेक्षा कडक.

“ताई, तुम्हाला कुणी सांगितलं काढायला?” योगेश्वरीने विचारलं.

“कुणी नाही.”

“तेच तर.”

२० डिसेंबर

बोट सकाळी दहाला गेली. योगेश्वरीला बंदराच्या फाटकातून आत सोडलं नाही.

२१ डिसेंबर

योगेश्वरीचा राजीनामा. एक ओळ. चांगली ओळ आहे, मला तिच्यातलं काहीच कापता आलं नसतं.

२४ डिसेंबर

मावशींचा फोन. “वागिमिन गेला ना गं?” हो म्हटलं. “मग आता छापाल का? आता तर कुणाला त्रास नाही.” टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

२९ डिसेंबर

मालकांचे वकील आले. लखोटा फोडला. आत पुढच्या वर्षाचा परवाना. एकही अट नाही, ताकीद नाही. सही एक डिसेंबरची.

पोचवहीत पाच डिसेंबर. त्यापुढे माझी सही — नेहमीसारखी, नीट, पूर्ण नावाची.