ती आता गाडीला भीत नाही

१३ नोव्हें.
सकाळची फेरी. पुण्याचं कुटुंब, आजोबांसकट. पाणवठ्याच्या वळणावर वाघीण रस्त्यातच बसलेली. गजूभाऊंनी जिप्सी पार जवळ नेली. मागून आणखी गाड्या आल्या, एकाचा चुकून हॉर्न वाजला. म्हटलं, गेली आता. तिनं कानही हलवला नाही. जांभई दिली. आजोबा म्हणाले, "अगदी पाळीव वाटते हो!" गजूभाऊ स्टिअरिंगवरून वळून, "पाय, कशी पोझ देऊन राह्यली." मीही हसले. गाईडला हसावंच लागतं.

पण पूर्वी ही अशी नव्हती. मी नवीन होते तेव्हा इंजिनाचा आवाज आला की ही झुडपात. पाहुण्यांना शेपूट दाखवून परत आणायचो.

१५ नोव्हें.
आईचा कापसाचा पहिला वेचा सुरू. वामनकाकांचं नाल्याकडचं वावर, जंगलाला लागून. म्हटलं, यंदा दुसरीकडे जा.

"काहून? काका आधी टॅक्टर फिरवते चारी धुऱ्यानं. जनावर असन तं पयते. लहानपणापासून पाहून राह्यली मी."

खरं आहे. आमच्याकडे असंच करतात. आधी बांधाबांधानं ट्रॅक्टरचा फेरा, मग बाया वावरात.

जेवण गेलं नाही. "भाजी खारट झाली काय?" हो म्हटलं. भाजी चांगली होती.

१६ नोव्हें.
गावात सांगितलं तर बोंब होईल. गेट बंद करा म्हणतील, वाघिणीला पिंजरा लावा म्हणतील. गजूभाऊ, बाकीचे गाईड, मी, सगळे घरी. नाही सांगितलं तर आई रोज तिथे वाकून... वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. हे मीच सांगते पाहुण्यांना, खाली उतरू नका म्हणताना. सांगताही येत नाही, सहनही होत नाही.

१९ नोव्हें.
गेटवर बैठक. बोलले एकदाची. गाड्या लांब थांबवू, तिची वाट अडवायची नाही, एका वेळी थोड्याच गाड्या. तिला आपली सवय लागली आहे, आणि ती सवय घेऊन ती वावरात जाणार. वनखात्याचे साहेब म्हणाले, लेखी द्या, वर पाठवतो. म्हणजे झालंच.

बाहेर आल्यावर गजूभाऊ, "लांबूनच पाह्यचं असन तं पाव्हने घरी टीव्ही पायतीन ना वो. आपल्याच पायावर धोंडा कायले पाडून घेतं?" रागावले नव्हते. घाबरले होते, माझ्यासारखेच, फक्त दुसऱ्या गोष्टीला.

२४ नोव्हें.
गेटला सुट्टी. आईबरोबर वेचायला गेले. काकांनी ट्रॅक्टर फिरवला, चारी बाजूंनी, नेमानं. बाया कमरेला ओटी बांधून कापसाच्या पऱ्हाटीत शिरल्या. मी उभीच. कमलमावशी म्हणाल्या, "हे पोट्टी वेचाले आली का राखण कराले?" सगळ्या हसल्या. आईसुद्धा.

नाल्याकडच्या तुरीत पट्टे दिसले. ट्रॅक्टर जिथून गेला त्याला लागूनच. बसलेली होती. ट्रॅक्टर जाताना बसलेलीच असणार. जिप्सीकडे बघते तशीच आमच्याकडे बघत होती. आणि आई तिच्याकडे पाठ करून वाकलेली.

मी ओरडले नाही. सावकाश म्हटलं, "सगळ्या उभ्या राहा. वाकू नका, पळू नका. माझ्याकडे या. बोलत बोलत या." मावशी बोलत राहिल्या. काय बोलल्या ते त्यांनाही आठवत नाही. पाठ न दाखवता धुऱ्यापर्यंत आलो. ती उठली, आळस दिला, नाल्यात उतरली.

काही झालं नाही. आई झोपलीय, दोनदा उठून बघून आले. पण काही झालं नाही.

२५ नोव्हें.
सकाळी सगळं गाव समाजमंदिरासमोर. वामनकाका पांढरेफटक. "मी तं फिरवला होता टॅक्टर. माह्या पोराची शप्पत." मला बघवेना. सांगून टाकलं. काकांची चूक नाही. आमच्या गाड्या बघून बघून तिला इंजिनाचं काही वाटेनासं झालंय, ट्रॅक्टरचा आता उपयोग नाही.

वाटलं होतं अंगावर येतील. कोणी ओरडलं नाही. कमलमावशीच बोलल्या, "मंग आता आमी कोनाच्या भरोशावर जाव वावरात?"

गजूभाऊ मागे उभे होते. निघून गेले. दुपारी माझ्याशी बोलले नाहीत.

२८ नोव्हें.
नाल्याजवळ वनखात्याचे कॅमेरे लागले. पिंजऱ्याची परवानगी मागितली आहे म्हणतात. गाड्या कमी करण्याचा "विचार सुरू आहे". उद्याच्या फेरीत मात्र एकही जागा रिकामी नाही. वाघीण वावरात आली हे ऐकून उलट फोन वाढले. लोकांना काय म्हणावं.

तिकडे बोंडं फुटून कापूस लोंबतोय, वाऱ्यानं खाली पडतोय. आई दारात बसते आणि त्या दिशेला बघत राहते. आज जेवताना म्हणाली, "सकाळी तुले जंगलात दिसली तं फोन कर. ती तिकडं असन तं मी इकडं जातो."

"आणि नाही दिसली तर?"

"तं नाई जात."

म्हटलं, फोन गेटवर जमा करावे लागतात, फेरी संपल्यावरच कळवीन. "थांबतो ना मंग. कायची घाई हाय मले." तिला माझ्या गळ्याची शपथ घ्यायला लावली. घेतली. इतक्या पटकन घेतली की मला बरं वाटलं नाही.

रोज फेरीआधी हात जोडते, दिसू दे म्हणून. सवयीनं. पाहुण्यांनाही ते आवडतं. उद्या मनापासून जोडणार आहे.

२९ नोव्हें.
गेटवर बसून लिहितेय. दिसली नाही. पाणवठा, वळण, तिची सावलीची जागा, सगळं रिकामं. गजूभाऊंनी न सांगता गाडी दोनदा फिरवली. पाहुण्यांत एक बाई होत्या, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं रडतेस काय, पुढच्या वेळी दिसेल की!"

फोन हातात आला तसा लावला. आई उचलत नाही. घरी असली की पहिल्या घंटीला उचलते. कमलमावशींना लावला, तोही वाजून बंद पडला. वामनकाकांचा लागतच नाही.

गजूभाऊ आले. इतक्या दिवसांनी बोलले, "बस. गावाकडं जाऊ." पाहुण्यांना उतरवून गाडी वळवून आणताहेत. तोवर लिहितेय, हाताला काहीतरी हवं म्हणून.

वाजतोय. आई, उचल गं.