वांग्यांची पंगत

डाव्या रांगेतल्या टबात माती उकरत होतो, तोच बोटाला माशाचा काटा टोचला आणि सगळा उलगडा झाला. पट्टी बांधून लिहितो आहे, अक्षर सांभाळून घे. चि. गार्गी, आशीर्वाद. तुझा खोकला गेला असावा. माणिकताईचे गुडघे कसे आहेत? इकडे भांडुपला सर्व ठीक आहे, तुझा प्रयोग सोडून.

गोरेगावच्या तबेल्यांतले शेण कुजवून, वाळवून तू खताच्या गोळ्या केल्यास आणि आमच्या गच्चीवर वांग्यांचे बारा टब मांडून गेलीस. उजव्या सहांना गोळ्या, डाव्या सहांना नुसते पाणी. तीन आठवडे उजवी रांग चार बोटे उंच होती. (वहीत नोंद आहे.) मग डावी वाढू लागली आणि सोमवारी तिने उजवीला गाठले. त्याच सुमारास गच्चीवर वास सुटला. आमचे सेक्रेटरी हर्षद यांनी मला जिन्यात अडवले. "काका, शेणाच्या वासाने वाट लागलीय. टब हलवा ना." मी गोळ्यांचे पोते त्यांच्या नाकाखाली धरले. वास नव्हता. (त्यांनी दोनदा हुंगले, दुसऱ्यांदा जरा निराशेने.)

वास डावीकडचा होता. तिसऱ्या मजल्यावरच्या रत्नप्रभावहिनी रोज मासळी धुतलेले पाणी तिथे ओतत होत्या. विचारले तर माझ्यावरच उसळल्या. "काय ओ नंदूभावजी, एका रांगेक वाढतास आणि दुसरीक उपाशी ठेवतास? पंगतीत असा करतत?" मी समजावले की उपाशी रांग नसेल तर खताचा गुण सिद्ध होत नाही, रविवारी गार्गीचे सर बघायला येणार, तिचे वर्ष वाया जाईल. त्यांनी शांतपणे ऐकले. "बरा," म्हणाल्या.

त्यांना फार बोलू नकोस. जीव मायाळू आहे.

तुझा
नंदूमामा

ता. क. डाव्या टबांत सापडेल तो चहाचा चोथा माझा. आधी एकाच टबात घातला होता. ते रोप फारच मान टाकून होते.

पुन्हा ता. क. सरांना तीन आठवड्यांची वही दाखव, आणि पुढची उपाशी रांग मुलुंडला तुझ्या आईकडे ठेव. माणिकताई विरघळत नाही. लहानपणी मी रुसून जेवलो नाही की ती माझा भात खाऊन टाकी.

सकाळी पाकीट चिकटवण्याआधी वर जाऊन आलो. डावी रांग कोरडी होती. रत्नप्रभावहिनी उजवीकडे मासळीचे पाणी ओतत होत्या. "त्येंका महिनोभर वाढलंय," म्हणाल्या, "आता ह्येंची पाळी."