घसा बसल्याचं सोंग

९ ऑक्टोबर १९६२, उरवड्याजवळची छावणी

भैरूनं आज डोकं धरायला लावलं! बाहीवर लान्सनायकाची कोरी फीत, हाताखाली दहा जवान, आणि प्रत्येक गोष्टीला "साहेब, करू का?" तंबू ठोकू का? पाणी भरू का? पोरं दमली, बसवू का? मी ओरडलो, "अरे, तू त्यांचा म्होरक्या आहेस!" तर म्हणतो, "व्हय साहेब. मग बसवू का?"

कर्नलसाहेब वैतागले. "कॅप्टन, शनिवारपर्यंत बघा. नाहीतर फीत काढून घ्या." पोरगा चांगला आहे हो! नेम तर असा की बघत राहावं. पण तोंडातून हुकूम म्हणून निघत नाही.

१० ऑक्टोबर

युक्ती सुचली. माझा घसा बसला! गळ्याला मफलर, नुसते हातवारे. भैरू आला— "पोरांना टेकडीवर नेऊ का?" मी आ वासला, नुसती हवा निघाली. तो उभा. मीही उभा. शेवटी वळला आणि चिरक्या आवाजात ओरडला, "चला रं!"

गेले की!

११ ऑक्टोबर

गोजराबाईच्या खळ्यात आमचे तंबू आहेत. बाई काढा घेऊन आली. "बोलू नगासा साहेब, आराम पडंल." कडू जहर! सोंगापायी प्यालो. तोवर तिची शेळी माझी टोपी चघळायला लागली, आणि मी गरजलो, "सोड, सटवे!"

मागं भैरू उभा!

त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा शेळीकडे पाहिलं. मग म्हणाला, "शेळी वरडली वाटतं." आणि गेला. बेरकी!

१३ ऑक्टोबर, शनिवार

ओढ्यावरून परत येतो तर वाटेवर भैरूचा पहारा. "परवलीचा शब्द?" शब्द त्यानंच ठरवलेला— काकडी. मी गळ्याकडे बोट दाखवलं. ढिम्म. कागदावर लिहून दाखवला. "शत्रूलाबी लिवता येतंय. तोंडानं बोला."

डोळ्यांत हसू, पण बंदूक तसूभर हलली नाही. बोललो असतो तर सुटलो असतो. पण मग सोंगाचं काय? "न्या रं ह्यांना!" म्हणाला, आणि मी गोजराबाईच्या गोठ्यात, शेळीशेजारी, हात डोक्यावर!

नेमकी तेव्हाच कर्नलसाहेबांची जीप. त्यांनी मुकाट शब्द सांगितला, आत आले, मला पाहून थबकले. "हे काय?"

भैरू ताठ. "शब्द न सांगता आलेला इसम, साहेब."

"अरे, हे तुझे कॅप्टन!"

"आसतील साहेब. शब्द मिळाला की सोडतो."

"सोडू का?" असं विचारलं नाही त्यानं! कर्नलसाहेबांना हसून ठसका लागला. फीत राहिली. मग मी खणखणीत आवाजात म्हणालो, "काकडी!" गोजराबाई पदराआड खुसखुसली, "काढा लागू पडला बगा."

२१ ऑक्टोबर

काल सरहद्दीवर चीनशी लढाई पेटली. आज दुपारी भैरूची तुकडी तिकडे गेली. मला मागं ठेवलंय— नवी पोरं शिकवायला.

अजून महिनाभर तरी हवा होता त्याला. मलाही.