निळ्या वायरचा तुकडा

प्रिय डीडरिक,

हे पत्र लिहायला बसण्याआधी मी दोनदा प्रार्थना केली आणि दोन्ही वेळा मध्येच तुझ्यावर चिडलो. म्हणून आता चिडूनच लिहितो. देव समजून घेईल. तू निदान शेवटपर्यंत वाच.

मंगळवारी आगानेथा मावशी गाडी घेऊन आली. ब्याऐंशी वर्षांची बाई, आठवड्यातून तीनदा विनिपेगच्या वृद्धाश्रमात जाऊन नवऱ्याला, पीटरकाकांना, स्वतःच्या हातानं जेवण भरवते. गुडघा दुखतो म्हणून सगळा रस्ता क्रूझ कंट्रोल लावून, पेडल न दाबता एकाच वेगानं जाते. मला म्हणाली, "अब्राम, गाडी हट्टी झालीय रे. ब्रेकवर नुसता पाय टेकवला तर ऐकतच नाही, ओढत राहते. जोरात दाबला की सोडते. अगदी आमच्या पीटरसारखी, ओरडल्याशिवाय कळत नाही!" आणि वर, "वसंतात डीडरिकनं अर्ध्या तासात क्रूझ चालू करून दिलं होतं हो, गुणी पोर तुझा भाऊ." गुणी! मी मान खाली घालून बॉनेट उघडलं.

फ्यूज ठीक. पेडलवरचा स्विच ठीक. मग मावशीला ब्रेक दाबायला सांगून मागं जाऊन उभा राहिलो. एकही दिवा लागला नाही. डाव्या चाकामागच्या जोडात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठानं वायर सडून तुटलेली होती. पुढं येऊन पाहिलं, तर क्रूझच्या डब्याकडे जाणारी ब्रेकची वायर कापलेली आणि तिथं निळ्या वायरचा बोटभर तुकडा लावून बॉडीला अर्थिंग दिलेलं. टेप नीट तीन वेढे. टेपचं टोक दुमडून ठेवायची सवय आपल्या गॅरेजात एकट्या तुलाच आहे.

तुला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहितो, कारण तुझ्या हातांना ते ठाऊक नव्हतं असं दिसतं. त्या जुन्या गाड्यांत क्रूझला अर्थिंग मिळतं ते मागच्या ब्रेकच्या दिव्यांमधून. दिव्यांची वाट तुटली की क्रूझ चालत नाही. म्हणजे गाडी तुला सांगत होती की मागं अंधार आहे. तू तिचं तोंड बंद केलंस. आणि ब्रेकवर पाय पडला की त्याच वायरमधून क्रूझला कळतं, आता सोड. तेही तू कापलंस; जोरात दाबल्यावर सुटते ती फक्त पेडलवरच्या हवेच्या झडपेमुळे. सहा महिने ती म्हातारी दिव्यांशिवाय थांबत होती आणि थांबताना गाडी तिला पुढं ओढत होती. पुढल्या महिन्यात बर्फ पडेल. निसरड्यावर कुणी जोरात ब्रेक दाबतं का, गाढवा?

तू अल्बर्टाला गेलास तेव्हा मला वाटलं, आता मी एकटा पडलो. आता वाटतं, तू जे करून गेलास त्याच्यासोबत एकटा पडलो. कारण त्या प्रत्येक कामाच्या कार्डावर शिक्का माझ्या गॅरेजचा आहे.

रविवारी उपासना सुटल्यावर मी चर्चच्या पटांगणात जुन्या गाड्यांच्या मागं एकेक करून उभा राहिलो आणि म्हणत राहिलो, ब्रेक दाबा. लोक हसले. योहान टोव्ज म्हणाला, "काय अब्राम, गिऱ्हाईक मिळेना म्हणून आता देवाच्या दारात दुकान मांडलंस होय?" मीही हसलो. नवव्या गाडीला हसू गेलं. हार्डरांची व्हॅन. सुसाना ब्रेक दाबत होती, मागल्या काचेतून चार मुलं माझ्याकडे बघून हात हलवत होती, आणि दिवे काळे. बॉनेट उघडलं. निळी वायर.

माझ्या रागात एक गाठ आहे, ती सोडल्याशिवाय पुढं लिहिता येत नाही. तू नुकताच माझ्याकडे शिकायला लागला होतास. बाबांच्या पिकअपचं क्रूझ बंद पडलं होतं आणि मी हीच वायर लावून तुला दाखवलं होतं, "बघ, आता चाललं, म्हणजे दोष मागं दिव्यांत." तपासण्यापुरती ती वायर बरोबरच होती. पण पिकाची कापणी तोंडावर होती. मी ती काढलीच नाही. बाबांनी विचारलं तेव्हा "झालं" म्हणालो, आणि तू शेजारी उभा होतास. बाबा महिनाभर धान्य घेऊन त्याच गाडीतून गेले. देवानं सांभाळलं, आणि मी ते माझं कौशल्य समजलो.

आपल्या चर्चच्या मंडळीची रीत तुला माहीत आहे. भावाचं चुकलं तर आधी एकट्यानं जाऊन एकट्यालाच सांगायचं, ऐकलं नाही तर दोन साक्षीदार घेऊन, आणि तरीही नाही तर सगळ्या मंडळीपुढं. हे पत्र म्हणजे ते सांगणं. पुढल्या रविवारी प्रभुभोजन आहे. असा दोष मनात ठेवून मी भाकरी घेणार नाही, आणि का घेत नाही ते विचारलं तर बाबांच्या पिकअपपासून सगळं सांगेन. तुझं नाव अजून सांगणार नाही. पण ती वायर आणखी कुणाकुणाच्या गाडीत आहे हे तुला एकट्यालाच माहीत आहे. पत्र हातात पडताच फोन कर आणि नावं सांग, एकही न गाळता. शुक्रवारपर्यंत फोन आला नाही, तर दुसऱ्या पत्राखाली तीन सह्या असतील आणि रविवारी मी उभा राहून सगळ्या मंडळीला सांगेन की आमच्याकडे दुरुस्त झालेली गाडी कुणी चालवू नका.

तरीही तुझाच भाऊ,
अब्राम