डोलकाठीची डावी पट्टी

२० मार्च १९७९, मंगळ. हिंगणी
टक्... टक्-टक्... टक्. पहाटे जाग आली ती याच आवाजाने. कुठून? कुठूनच नाही. आमच्या लग्नातला आवाज. सौ.च्या माहेरी, कोकणात, मांडवात बसलो तरी ऐकू येई. बंदरातल्या होड्यांचे दोर डोलकाठ्यांवर आपटत. मी विचारलं, हे काय? नवरी माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती एवढंच, "वारा आहे."
तेव्हाच शब्द देऊन बसलो, आमच्याकडेही शिडाच्या होडीत बसवीन. वर्धा जिल्ह्यात! ती किती हसली होती.
सौ. पडल्यापासून अंथरुणावर आहे. हाड जुळलंय, डॉक्टर म्हणतात, चालवा. ती भिंतीकडे तोंड करते.
धरणावरचे साहेब बदलून गेले, जाताना जुनी होडी मला देऊन गेले. अंगणात कडुनिंबाखाली टेकू लावून ठेवलीय. बोर धरणाचं पाणी उतरायच्या आत, एकदा तरी.

२३ मार्च, शुक्र.
होडीच्या पोटात शिरलो. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी तोलणारे दोर ज्या लोखंडी पट्ट्यांना बांधायचे, त्या आतल्या फळीला ठोकलेल्या. उजवी बरी. डावीमागे चाकूचं टोक लावलं तर मुठीपर्यंत आत. लाकूड कसलं, चहाचा चोथा. वरून रंग मात्र चकचकीत.
वर्गात नावेची कविता आली की टेबलावर चढून वल्ही मारायचो. पोरं खूष. कवितेतली फळी कधी कुजत नाही.

२८ मार्च, बुध.
झितरू लोहार आला. होडीभोवती फेरी मारून म्हणे, "गुरुजी, बैल कुठी जुंपाचे हिले?"
कुजकी फळी काढून बाभळीची बसवली. मग पट्टी भट्टीत लाल करून लावली, वर पाणी. गाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात, तसं. फस्स!
"आता मेल्यावरच सुटन."
मीही वा वा केलं. आत जाऊन सौ.ला सांगितलं. "बरं." तोंड भिंतीकडेच.

२ एप्रिल, सोम.
चौघांनी मिळून डोलकाठी उभी केली. डावा दोर ताणला. कर्रर्र... पट्टी माझ्या हातात.
चाक गोल, म्हणून धाव आवळते. इथे सपाट फळी, नुसती जळली. खिळ्यांची भोकं कोळशासारखी.
झितरू डोकं खाजवत, "चाकावर सारं खाली दाबते ना जी. हे तं वर ओढून राह्यलं. मले काय ठाव?"
मला तरी कुठे ठाऊक होतं.
"आरपार बोल्ट लागन."
"कधी?"
"पाहू जी. गाड्या यून राह्यल्या लग्नाच्या."
पट्टी सुतळीने होडीतल्या बाकाला गुंडाळून ठेवली. दोर ढिला सोडला. ताण दिला की संपलंच.

५ एप्रिल, गुरु.
धरणावर जाऊन आलो. काठचा चिखल तडकलाय, पाणी पार आत. झितरू अजून फिरकला नाही. स्वतःच हातोडी घेतली, पहिल्याच घावाला अंगठा ठेचला. बाकी काही जमलं नाही.

संध्याकाळ. ओट्यावर बसून लिहितोय. वारा सुटला. ढिला दोर डोलकाठीवर आपटतोय. टक्... टक्-टक्...
पाठीमागे दार करकरलं. मांजर असेल.

मांजर नाही. सौ. चौकट धरून उभी. अनवाणी, केस सुटलेले. माझ्याकडे बघतच नाही, नजर डोलकाठीच्या टोकाला.
"दोर ढिला आहे हो," म्हणाली. "ताणा ना जरा."
ताणू कसा? पट्टी नुसती सुतळीवर आहे.