आईच्या तिसऱ्या वर्षाची प्रार्थना

९ ऑक्टोबर

आणि वर ताई मलाच विचारते, तू का नाही सांगत बाला! मी सांगू? मी इथे चिलीत, आंतोफागास्ताच्या समुद्राकाठी इमारतीच्या परांचीवर लोंबकळतोय. ती तिकडे बोलिव्हियात, गावी बाच्या शेजारी राहते, त्याला वाढते. तिनं सांगायचं. म्हणे, "तुला लांबून बोलायला काय जातंय."

बाचा निरोप आज परत आला. आवाज रेकॉर्ड करून पाठवतो. जेवणाच्या सुट्टीत लावला तर माझ्याबरोबरचा ग्रोवर म्हणाला, "कोण रे हा, प्यालाय का?" बाप आहे माझा, म्हटलं. त्यानं मग स्वतःच्या ताटातलं अंडं माझ्या ताटात टाकलं. जास्तच राग आला.

१२ ऑक्टोबर

बा प्यालेला नाही. खाणीत ड्रिल धरून जन्म गेला, त्यात कान गेले. ते आम्ही धरूनच चाललो होतो. आमच्या गावातला प्रत्येक म्हातारा बहिराच. पण कानामागून जीभही जाईल हे कुणी सांगितलं नव्हतं. दवाखान्यातली बाई म्हणाली, स्वतःचं बोलणंच ऐकू येत नाही तर चुकलेलं नीट करणार कसं. मशीन लावूनही उपयोग नाही, आतली नस मेलीय.

शब्दांची टोकं गळतात. स, श गेलेच. हळू बोलायचं तिथे ओरडतो. सूर एकच — पाण्याचा पंप चालावा तसा.

मी अधूनमधून ऐकतो म्हणून मला फरक कळतो. ताईला रोजचं. तिला कळलंच नाही कधी गेलं ते.

१५ ऑक्टोबर

हाच बा मृतांच्या दिवशी, दोन नोव्हेंबरला, गावाच्या दफनभूमीत प्रार्थना म्हणायचा. लोक त्याच्यासाठी ताटकळत थांबायचे. आमच्याकडे मेलेल्याचं नाव स्पष्ट घ्यावं लागतं, नाहीतर प्रार्थना शेजारच्या कबरीला जाते. बा नाव असं घ्यायचा की वाटायचं, आता मातीखालून ओ येईल. मोबदला म्हणून घराघरातून पाव मिळायचे — बाळाच्या आकाराचे, शिडीच्या आकाराचे. पोतं भरायचं. दगड झालेले ते पाव आम्ही चहात बुडवून नाताळ उलटला तरी खायचो.

गेल्या वर्षी अर्धं पोतं. बा म्हणाला, लोकांची श्रद्धा उडाली.

१९ ऑक्टोबर

यंदा आईचं तिसरं वर्ष. शेवटचं. यानंतर तिच्यासाठी खाण्यापिण्याचं टेबल मांडत नाहीत, आत्मा कायमचा जातो. यंदा चुकलं की चुकलं. आणि बाचा हट्ट — "माझ्या बायकोसाठी मीच म्हणणार. दुसरा कोण उभा राहतो ते बघतो."

आईचं नाव मार्सेलिना. बाच्या तोंडून ते आता कसं येतं ते मला लिहिता यायचं नाही. कुठल्याही बाईचं असू शकतं.

२१ ऑक्टोबर

व्हिडिओवर सांगायचं ठरवलं. बा ओठ वाचतो. पाठ केलं होतं सगळं. बा, तुझं बोलणं आता कळत नाही, यंदा कासिआनोकाकांना म्हणू दे. तेही प्रार्थनाच म्हणतात, बाच्याच हाताखाली शिकले.

बा टोपी सारखी करत समोर आला. मी तोंड उघडलं आणि तोच काहीतरी ओरडला. ताईनं फोड करून सांगितलं, "म्हणतोय, दात किडलाय तुझा, बघून घे."

बघतो, म्हटलं. झालं.

२२ ऑक्टोबर

काही नाही. भिंत घासली.

२५ ऑक्टोबर

डोक्यात आलं — जावं, बाच्या शेजारी उभं राहावं, तो म्हणेल ते मागोमाग नीट म्हणावं. ग्रोवर म्हणाला, "जा की. परत येताना सरहद्दीवर शिक्का मागतील. तो काय कपाळावर मारून घेणार?"

खरंय. डोंगरातून चोरून चालत आलोय. गेलो की गेलो, परत काम नाही.

२८ ऑक्टोबर

ताईचा फोन. रडत नव्हती, तेच वाईट.

"कासिआनोकाका तयार आहेत. बा पुढे उभा राहून म्हणेल. काका त्याच्या पाठीमागे राहून आईचं नाव घेऊन म्हणतील, चांगलं मोठ्यांदा. बाला काय ऐकू येणारे?"

लोक बघतील की, म्हटलं.

"सगळ्यांना सांगून ठेवलंय. कुणी हसणार नाही. पाव बाच्याच पोत्यात टाकतील. काकांना पैसे देऊ."

काका पाव नको म्हणाले?

"म्हणाले, पाव त्याचे."

३० ऑक्टोबर

बाचा निरोप आला. आईची प्रार्थना घोकतोय. शेवटपर्यंत ऐकला, एक शब्द कळला नाही. कासिआनोकाकांच्या नावानं पैसे पाठवले. दोनशे बोलिव्हियानो.